पावसाळा काढेल असा घोडा

अलिबाग तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी तेरा वर्षांची, दोन वर्षं रायडिंग शिकतेय, ८० सेंटिमीटरच्या उड्या आरामात मारते. आता तिला स्वतःचा घोडा हवाय. ओळखीतून मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त होणारा पाच वर्षांचा घोडा जवळजवळ फुकटात मिळतोय. घरची नारळ-सुपारीची वाडी आहे, तिथेच शेड बांधायची आणि मेच्या सुट्टीत घोडा आणायचा, असा बेत आहे. भाऊ म्हणतोय, त्यापेक्षा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन चांगला मारवाडी घोडा घेऊ. तर यातलं काय करावं, आणि शो जम्पिंगचा घोडा ओळखायचा कसा?

ताई, आधी उत्तर, मग कारणं. हा घोडा या मे महिन्यात घेऊ नका. सारंगखेड्यालाही जाऊ नका, निदान याच कामासाठी तरी नको. आता सविस्तर लिहितो, कारण नुसतं "नको" म्हटलं तर पुढच्या महिन्यात दुसरा कुणीतरी दुसरा घोडा दाखवेल आणि तुम्ही पुन्हा इथेच याल.

मी सतरा वर्षं घोडदळात होतो. त्यानंतर चौलच्या बाजूला लहानसा तबेला टाकला. सात घोडे, दोन मोतद्दार आणि शिकायला येणारी वीस-बावीस पोरं. एवढ्या वर्षांत माझ्याकडे घोडा घ्यायचा म्हणून जेवढे पालक आले, त्यातल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न एकच विचारला: "किती उंच उडी मारतो?" मला वाटतं गडबड तिथूनच सुरू होते. तुमची मुलगी आज ८० सेंटिमीटर करतेय. ऑलिम्पिकला अडथळे १.६० मीटरच्या घरात असतात, म्हणजे बरोबर दुप्पट. पुढची तीन वर्षं तिला एक मीटर, फार तर १.१० पुरतं, आणि निरोगी, धड चालीचा जवळजवळ कुठलाही थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, तेवढी उडी मारतो. म्हणून उंचीचा प्रश्न बाजूला ठेवा. तिच्या चुका कोण पोटात घालेल, आणि आपल्याकडचे पावसाळे कोण काढेल, हे खरे प्रश्न आहेत. शिवाय तिचे शिक्षक आठवड्यातून किती वेळा वाडीवर येणार हे तुम्ही लिहिलेलं नाही. अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे. आठवड्यातून चार दिवस जाणता माणूस येणार असेल तर मी थोडा कच्चा घोडाही चालवून घेईन. एकच दिवस येणार असेल, तर घोडा मुलीपेक्षा जास्त शिकलेला हवा, यात तडजोड नाही.

रेसच्या घोड्यावर माझा राग नाही. आपल्याकडे जम्पिंग करणारे कितीतरी घोडे रेसमधूनच आलेले आहेत, आणि मला आजवर मिळालेल्या सगळ्यात दिलदार घोड्यांपैकी दोन तिथलेच. पण रेसकोर्सवरून थेट तेरा वर्षांच्या मुलीकडे, ही उडी फार मोठी आहे. हा घोडा काय शिकून आलाय ते बघा. दोन वर्षांचा असताना पळायला लागला. जॉकीला चालता चालताच वर उचलून बसवतात, त्यामुळे स्वार चढेपर्यंत शांत उभं राहायचं असतं हे त्याच्या गावीही नसतं. पायाचा इशारा त्याला फारसा कळत नाही. आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे लगाम आवळून धरला की त्या आधारावर रेटून जोरात पळायचं, हे त्याच्या हाडात बसलेलं असतं. आता मुलगी घाबरली तर काय करेल? लगाम ओढेल. ती जितकी ओढेल तितका तो पळेल. यात खोडी कुणाचीच नाही, दोघंही आपापलं शिकलेलंच करतायत. ही सवय मोडायला चांगल्या रायडरला सहा महिने ते वर्ष लागतं. कच्चा घोडा आणि कच्चा स्वार एकत्र आणले की दोघंही एकमेकांकडून फक्त भीती शिकतात.

तरीही कधी रेसचा घोडा बघायला गेलात तर त्याची धावण्याची नोंद मागा. रेसमध्ये किती वेळा पळाला ते नोंदीत असतं. किती जिंकल्या हे आपल्याला नकोच आहे, दोन रेसमधलं अंतर बघायचं. दर महिन्या-दोन महिन्याला पळणारा घोडा मध्येच आठ-नऊ महिने गायब असेल तर बहुतेकदा पाय गेलेला असतो. विचारलंत तर "मालकाने विश्रांती दिली" असं ऐकायला मिळेल. मग स्वतः पाय बघा. पुढचा पाय उचलून धरायचा आणि गुडघ्याखालच्या नळीच्या मागची जाड शीर, म्हणजे टेंडन, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली हळूहळू यायचं. ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ आणि थंड लागली पाहिजे. कुठे गाठ, फुगवटा किंवा पोकळ मऊपणा लागला, किंवा घोड्याने पाय झटकला, तर तिथे थांबायचं. मग दुसरा पाय तसाच. एक पाय नुसता बघून काही कळत नाही, दोन्हींची तुलनाच बोलते. ऊब बघायला तळहात वापरू नका, हाताची मागची बाजू लावा. जुनी, थंड पडलेली, नीट बरी झालेली टेंडन एक मीटरच्या घोड्याला चालूही शकते, पण ते डॉक्टरांनी अल्ट्रासाउंड करून सांगायचं, विकणाऱ्याने नाही.

आता कोकणाची गोष्ट. पुण्या-बंगळुरातली माणसं ही सांगत नाहीत, कारण त्यांना ती भोगावी लागत नाही.

तबेला सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी मी घाटावरून एक घोडी आणली. लाल-तपकिरी, साडेचौसष्ट इंच, उडी अशी की मांजर भिंतीवर चढावं. डिसेंबरात बघितली, डिसेंबरातच आणली. मार्चपर्यंत मी गावभर तिचं कौतुक करत फिरत होतो. एप्रिलच्या अखेरीस सकाळी साडेआठला दहा मिनिटं कँटर, म्हणजे मध्यम वेगाची दौड, करून उतरलो, तर बाकीचे घोडे घामाने काळे पडलेले आणि हिची पाठ कोरडी ठक्क. खोगीर काढलं, खाली हात फिरवला तर धूळ लागली. कानामागे तेवढा तळहाताएवढा ओला डाग. नाकपुड्या भात्यासारख्या चालल्या होत्या आणि छातीवर हात ठेवला तर चटका बसावा इतकं अंग गरम. वीस मिनिटं पाणी मारत होतो तेव्हा कुठे श्वास उतरला. घोड्याचं अंग मुख्यतः घामानेच थंड होतं, आणि दमट उष्ण हवेत काही घोड्यांच्या घामग्रंथी कामच करेनाशा होतात. याला खात्रीचं औषध नाही. हवा बदलणं हाच उपाय. ती मी पुन्हा घाटावर एका ओळखीच्या शिक्षकांकडे पाठवली, आणि तिकडे ती पुढे पाच वर्षं छान उड्या मारत होती. पैसे माझे गेले ते गेले. चूक माझीच: कोकणातल्या उन्हाळ्यासाठी घोडा मी घाटावरच्या हिवाळ्यात बघितला होता.

म्हणून माझा नियम झाला. घोडा एप्रिल-मेमध्ये किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात, दिवस तापल्यावर बघायचा. पंधरा मिनिटं काम करून घ्यायचं आणि खोगीर काढल्यावर पांढरा रुमाल पाठीवरून, मानेवरून, मांडीच्या आतून फिरवायचा. रुमाल ओला आणि मळका झाला की समाधान. आणि शक्यतो आधीच किनारपट्टीवर दोन उन्हाळे काढलेला घोडा घ्यायचा. मुंबईत राहिलेला घोडा आपल्याला म्हणूनच बरा पडतो, हवा साधारण तीच. परदेशातून आणलेल्या भरदार जम्पिंगच्या घोड्यांचे व्हिडिओ मुलगी बघत असेल. त्यांना इथे आणून पंखे आणि फवाऱ्यांवर जगवावं लागतं. तो खेळ आपला नव्हे.

दुसरा शत्रू पावसानंतर येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात घोडमाशा वाढतात, त्या गुरांवरही बसतात आणि घोड्यावरही, आणि सर्रा नावाचा रोग रक्तातून रक्तात नेतात. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी नावाचा सूक्ष्म परजीवी असतो. फसवा रोग आहे, कारण घोडा चंदी नीट खात असतो. ताप येतो, दोन दिवसांनी जातो, पुन्हा येतो. अंग उतरत जातं, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि पोटाखाली, मागच्या पायांवर सूज येते. त्या सुजेत बोट दाबून काढलं तर खळगा तसाच राहतो, कणकेत राहावा तसा. असं दिसलं की त्याच दिवशी रक्त तपासायला. वेळेत कळला तर इंजेक्शनने बरा होतो, उशीर झाला तर घोडा जातो. तुमच्या किंवा शेजारच्या वाडीत गुरं असतील तर हे जास्त मनावर घ्या. विकत घेण्याआधीच्या रक्त तपासणीत सर्रा मागून करून घ्यायचा, आणि ग्लँडर्सही. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो. २००९ च्या केंद्रीय कायद्याखाली त्याची खबर सरकारला द्यावी लागते आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला मारावंच लागतं. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या पद्धतीने तपासले जातात. निगेटिव्ह दाखल्याशिवाय दुसऱ्याचा घोडा मी माझ्या फाटकातून आत घेत नाही, मग तो सख्ख्या भावाचा का असेना.

आणि पाऊस. चार महिन्यांत दोन-तीन हजार मिलिमीटर. पायाखाली चिखल किंवा मूत-लीद साचलेली ओली जमीन राहिली की खुराच्या तळव्यातला तो त्रिकोणी मऊ भाग सडतो, काळं पाणी सुटतं, वासावरूनच कळतं. म्हणून घोडा बघताना चारही खूर उचलून टोकरायचे. रुंद, घट्ट, जाड भिंतीचे खूर हवेत. रेसच्या घोड्यांचे खूर बरेचदा पातळ असतात, नाल दोनदा निघाला की खिळ्यांना जागा उरत नाही. पाच-सहा आठवड्यांनी नालबंद लागणारच. तो कुठून येणार, हे घोड्याच्या आधी ठरवा. मी चांगला नालबंद मिळेना म्हणून घोडा न घेतलेली माणसं बघितलीत आणि त्यांना शहाणी मानतो.

आता सारंगखेडा. भावाला म्हणावं, जत्रा जरूर बघ. तापीकाठी दत्तजयंतीला भरतो तो बाजार प्रत्येक घोडेवाल्याने एकदा बघावा. मारवाडी, काठेवाडी ही जनावरं उन्हाला टणक, खुरांना मजबूत, आणि त्यातली काही मीटरभर उडी सहज घेतात. अडचण जातीत नाही, शिक्षणात आहे. तिथले बरेच घोडे नाचासाठी आणि रेवाल, म्हणजे झपझप पण न उसळणाऱ्या, चालीसाठी तयार केलेले असतात. मान वर बांधलेली, पाठ पोकळ, तोंड काटेरी लगामाने बधिर झालेलं. उडी मारताना घोड्याने मान पुढे-खाली सोडून पाठ कमानीसारखी गोल करावी लागते, म्हणजे शिकवलंय त्याच्या नेमकं उलट. रेवाल चालीच्या घोड्याला तीन ठोक्यांचा स्वच्छ कँटर सापडायलाच महिने जातात, आणि कँटरशिवाय जम्पिंग नाही. शिवाय तिथे भाव ठरतो उंचीच्या इंचांवर, रंगावर आणि भोवऱ्यांवर. देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे म्हणून लाख चढले, अमुक जागी खोड आहे म्हणून उतरले. मी पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या शुभ घोड्यावरून दोनदा पडलोय. भोवरा बघून पाय कळत नाही. उलट "खोडीचा" म्हणून स्वस्तात मिळालेला एक घोडा माझ्याकडे अकरा वर्षं राहिला.

मग घ्यायचा कसला? तुमच्या मुलीसाठी माझ्या डोळ्यासमोर आहे तो आठ ते बारा वर्षांचा, खच्ची केलेला, साडेबासष्ट ते चौसष्ट इंचांचा थरोब्रेड. रेस सोडून निदान दोन वर्षं जम्पिंग केलेला आणि लहान मुलांनी स्पर्धेत चालवलेला. घोडीही चालेल, माजाच्या दिवसांत तिचे नखरे सांभाळायची तयारी असेल तर. तरणा वळू घोडा चौदा वर्षांखालच्या पोराला देणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, उठून येतो. वय कागदावर बघाच, पण दातही बघा. पाचव्या वर्षी पुढचे सगळे कायमचे दात आलेले असतात. दहाच्या सुमारास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपासून एक तपकिरी खाच उतरायला लागते आणि पंधराव्या वर्षी ती निम्म्यावर येते. "आठ वर्षांचा" म्हणून दाखवलेल्या घोड्याच्या दातावर निम्मी खाच मी एकदा बघितली आहे. मालकाला दाखवली तर म्हणाला, दगड चावला असेल.

उडीबद्दल मी एकच गोष्ट लावून धरतो. बार (अडथळ्यावरची आडवी काठी) पाडणारा घोडा परवडला, अडथळ्यापुढे अडणारा नको. आंतरराष्ट्रीय नियमात बार पडला की ४ पेनल्टी. पहिल्यांदा अडला की ४, दुसऱ्यांदा अडला की बाद, आणि स्वार पडला तरी बाद. पण गुणांचं सोडा. घोडा अडतो तेव्हा मुलगी एकटीच पलीकडे जाते, आणि आठवडाभर तिच्या मनात तेच राहतं. पुष्कळ सुंदर उडीचे घोडे जरा जास्तच जपून असतात. उडी घ्यायचं अंतर चुकलं की त्यांना काठीला पाय लावण्यापेक्षा थांबणं पसंत असतं. मोठ्या रायडरच्या हाताखाली तेच बक्षिसं आणतात, कारण अंतर चुकत नाही. तेरा वर्षांच्या मुलीचं दर तिसऱ्या उडीला चुकणार. तिला असा घोडा हवा जो चुकलेल्या अंतरावरूनही "चल, निघू" म्हणून पलीकडे जातो, मागे एखादा बार वाजला तर वाजला.

हे बघायचं कसं? कळवून जा, पण ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. घोडा तबेल्यातच, बिनखोगिराचा बघायला मिळाला पाहिजे. मी एकदा वेळेवर गेलो तर घोडा खोगीर घालून तयार, अगदी गरीब. तंगाखाली (खोगिराच्या पोटपट्ट्याखाली) वाळलेल्या घामाच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या, मी बघितल्या आणि तरी घेतला, कारण मला तो घ्यायचाच होता. पहाटेच तासभर पळवून दमवलेला. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्याने माझ्या मोतद्दाराला बांधावरून पलीकडे टाकलं. तबेल्यात असताना दाराची वरची कड बघा, चावून झिजलेली असेल तर दात रोवून हवा गिळायची खोड आहे. एका जागी डुलतो का बघा. तंग आवळताना कान मागे टाकून चावायला येतो का, चढताना उभा राहतो का, हे सगळं उडीच्या आधीचं.

मग आधी त्यांचा रायडर, नंतर तुमचे शिक्षक, शेवटी मुलगी. हा क्रम मोडू नका. त्यांचाच रायडर बसायला कां-कूं करत असेल तर चहा घेऊन निघा. फाटकापासून लांब, इतर घोड्यांपासून दूर एकटा जातो का बघा. जमिनीवर ६० फुटांवर दोन पोल टाकून कँटर करायला सांगा. मध्ये साधारण चार ढांगा पडतात. मग त्याच अंतरात पाच पाडायला सांगा. लगामाशी कुस्ती न करता ढांग आखूड करणारा घोडा म्हणजे अर्धं जम्पिंग आलं. उड्या दुडकीतून लहान फुलीच्या पोलवर सुरू, मग साठ-सत्तर सेंटिमीटर व्हर्टिकल (सरळ उभा अडथळा), मग एक छोटा ऑक्सर (रुंदीचा दुहेरी अडथळा). शेवटी शिक्षकांनी मुद्दाम अंतर चुकवायचं, आणि तेव्हा घोड्याचा चेहरा बघायचा. एकूण दहा-बारा उड्या पुरे. उंच उडी दाखवतो म्हणाले तर नको म्हणा.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. आदल्या दिवशी उड्या मारलेला घोडा रात्रभर उभा राहून सकाळी बाहेर येतो ना, ती त्याची खरी परीक्षा. कडक रस्त्यावर सैल दोरीने सरळ दुडकी करून घ्या आणि डोकं बघा. दुखरा पुढचा पाय टेकतो तेव्हा डोकं वर जातं, चांगला टेकतो तेव्हा खाली येतं. बघून कळत नसेल तर डोळे मिटून टापा ऐका. चालीत लंगड असेल तर ठेका तबल्यावरच्या चुकलेल्या हातासारखा लगेच कानाला लागतो. मोबाइलवर व्हिडिओ घेऊन हळू करून बघा, हे माझ्या पोरांनी मला शिकवलं आणि झकास उपयोगी पडतं.

डॉक्टर मात्र तुमचा हवा. विकणाऱ्याचा नको, आणि दोघांचाही मित्र तर नकोच. पूर्ण तपासणीचे टप्पे ठरलेले आहेत: आधी उभ्याने, मग चालवून-पळवून आणि सांधे मिनिटभर दुमडून धरून, मग जोराचं काम देऊन हृदय-श्वास, मग विश्रांती, मग पुन्हा पळवून. जोराच्या कामात श्वास घेताना घरघर ऐकू आली तर घशाची तपासणी करून घ्या, थरोब्रेडमध्ये ही भानगड बरेचदा असते. पुढचे खूर, खुरांच्या वरचे सांधे (फेटलॉक) आणि मागच्या पायांचे मधले सांधे (हॉक) यांचे एक्सरे काढा. रक्ताचा एक नमुना बाजूला ठेवायला सांगा. घोडा महिन्याभरात लंगडायला लागला तर त्या दिवशी त्याला वेदनाशामक देऊन उभं केलं होतं का, हे त्यातून शोधता येतं. नमुना ठेवणार म्हटल्यावर विकणाऱ्याचा चेहरा पडतो का, तेही पाहून ठेवा. घोड्याची कागदपत्रं, मायक्रोचिप, पासपोर्ट जुळवून घ्या. मुलगी मोठ्या स्पर्धांना जाणार असेल तर इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे घोड्याची आणि तिची, दोघांची नोंद लागेल.

आता मे का नको, ते सांगतो. मुंबईचा रेसचा हंगाम एप्रिलच्या सुमारास संपतो. ज्यांना घोडा पुढच्या हंगामापर्यंत पोसायचा नसतो ते तेव्हाच मोकळे करतात, म्हणून तो तुम्हाला "फुकटात" दिसतोय. तुम्ही तो मेमध्ये आणणार, त्याला नवी जागा, नवा चारा, नवी माणसं, आणि तो रुळायच्या आत ७-८ जूनला आभाळ फुटणार. मग चार महिने तुमच्याकडे बंद शेडमध्ये उभा, काम नसलेला, चंदी खाणारा, पाच वर्षांचा थरोब्रेड. मुलीची शाळा सुरू झालेली. या चित्रातून काय निघतं ते मी बघितलंय.

शिवाय चारा. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ किलो तरी चांगलं सुकं गवत लागतं. जून ते सप्टेंबर म्हणजे जवळजवळ एक टन, आणि ते मेमध्येच कोरडं भरून, जमिनीपासून वर फळ्यांवर रचलेलं हवं. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं पेंढा आहेच. भाताचा पेंढा गाय खाते म्हणून घोड्याला चालत नाही. त्यात पोषण कमी, आणि त्यातलं ऑक्सलेट कॅल्शियम शरीराला लागू देत नाही. वर पोट भरावं म्हणून गव्हाचा कोंडा घातला की फॉस्फरस चढतो, मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं आणि काही महिन्यांत तोंडाची हाडं फुगलेली दिसतात. लसूणघास आणि ओट घाटावरून येणार, त्याची गाडी ठरवा. बुरशीचा वास आलेला एकही पुळा घालू नका. गवताच्या गंजीत उंदीर येतात, त्यामागे साप, आणि आपल्या जांभ्याच्या गडग्यांत फुरसं काय कमी आहेत. शेड नारळांपासून लांब बांधा, हेही लिहून ठेवतो, कारण एकाने खरोखर माडाखालीच बांधली होती.

पुळणीवर घोडा फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू चालीला आणि दुडकीला उत्तम. वरची कोरडी, खोल वाळू टेंडनची वैरीण. उड्या तिथे कधीच नकोत. आणि वाळूत चारा टाकायचा नाही, पोटात वाळू साचून पोटशूळ होतो. शंका आली तर लीद बादलीभर पाण्यात ढवळून ठेवा, तळाशी वाळू बसते. पोटशूळ रात्रीच उठतो असा माझा अनुभव आहे, आणि अलिबागहून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत रस्ता मोकळा असेल तरी तीन तास. घोडा बघणारा जवळचा डॉक्टर कोण, त्याचा नंबर शेडच्या भिंतीवर रंगाने लिहून काढा.

मी तुमच्या जागी असतो तर या वर्षी घोडा घेतलाच नसता, लीजवर घेतला असता. घोडा ज्याच्या तबेल्यात आहे तिथेच राहील, महिन्याचा खर्च तुमचा, आठवड्यातले ठरलेले दिवस मुलीचे. जुलैत तिला रोज पहाटे साडेपाचला जाऊन लीद काढू द्या, ओल्या अंगाला खरारा करू द्या, खूर साफ करू द्या. ऑक्टोबरपर्यंत टिकली तर मग घोडे बघायला निघू, तेव्हा उकाडाही आयता मिळतो. हाती असलेल्या पैशातले एक वर्षाचे चारा, नाल, डॉक्टर, माणसाचा पगार आधी बाजूला काढा आणि उरेल त्यात घोडा बघा. उलट करणारे जानेवारीत घोडा विकायला माझ्याकडेच येतात.

मुलीची उंची-वजन आणि शिक्षक किती दिवस येतात, तेवढं कळवा. लीजसाठी माझ्याकडेच एक घोडी आहे. पंधरा वर्षांची, दिसायला काही नाही, पाठ थोडी बसलेली, एका कानाचं टोक गेलेलं. मुलं तिच्यावर चुकतात, ती मान हलवते आणि त्यांना पलीकडे नेऊन ठेवते. फक्त सकाळी दहानंतर ती कुणाचं ऐकत नाही, त्यामुळे पोरीला लवकर उठावं लागेल.